बाण ठाम, पण कधीचा?

मोबाइलला रेंज नसलेल्या डोंगरात गटाच्या शेपटीला राहायचं काम माझ्याकडेच येतं. पुढे वहिनी आणि पोरं, त्यांचा वेग भलताच. म्हणून एकमेकांना शोधणाऱ्या, मनगटावर बांधायच्या यंत्रांची जोडी घेतली. सिम नाही, वर्गणी नाही. प्रत्येक यंत्र जीपीएस उपग्रहांचे संदेश ऐकून आपली जागा काढतं आणि ती लोरा रेडिओवरून, म्हणजे थोड्या विजेत लांबवर छोटे निरोप धाडणाऱ्या बिनतारी यंत्रणेवरून, जोडीदाराला कळवतं. पडद्यावर फक्त बाण आणि अंतर.

खोक्यावर 5 किलोमीटरचा पल्ला छापलाय. मोकळ्या माळावर तो मिळतही असेल. मध्ये डोंगराची सोंड आली की संपर्क तुटतो. त्याबद्दल यंत्राला बोल लावणार नाही, 900 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींना डोंगर आडवा आला की कोण काय करणार? पण मनगटच का निवडलं? माणसाचं शरीर म्हणजे बहुतेक पाणी, ते या लहरी शोषून घेतं. हात अंगालगत खाली आणि जोडीदार पलीकडच्या बाजूला असला की पल्ला घटलाच. सॅकच्या खांद्यावरच्या पट्ट्याला बांधल्यावर बराच फरक पडला.

खरी तक्रार पुढेच आहे. वहिनी सोंडेपलीकडे गेल्या, तरी बाण जागच्या जागी आणि खाली ठसठशीत ‘340 मीटर’. ते अंतर संपर्क तुटण्याआधीचं! माहिती किती जुनी, हे दिसतं. पण दोनदा बटण दाबल्यावर, दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरात. 20 सेकंदांपूर्वीची असेल तर बाणामागे जावं, 20 मिनिटांपूर्वीची असेल तर थांबून शिट्टी वाजवावी. ताशी 3 किलोमीटरने चालणारा तेवढ्यात एक किलोमीटर लांब गेलेला असतो. जुना बाण फिका दाखवायला काय जात होतं?

बटणं मात्र खरी, दाबायची. हातमोज्यातूनही चालतात, ओल्या बोटांनीही. टचस्क्रीन दिला नाही याबद्दल धन्यवाद. दर 10 सेकंदांनी जागा पाठवायला लावली तर संध्याकाळपर्यंत बॅटरी मान टाकते, दर 2 मिनिटांनी ठेवली तर दुसरा दिवसही निघतो. फोनच्या लोहचुंबकी कव्हरजवळ नेऊ नका, बाणाची दिशा ठरवणारं आतलं होकायंत्र भरकटतं.

तिसरं यंत्र मधल्या माणसाकडे दिलं तर ते निरोप पुढे पोचवतं, म्हणून अजून एक घेतोय. तूर्तास तीन तारे. माहितीचं वय पहिल्या पानावर आणलंत तर चौथा देईन.