वेळ मारून नेणारा डॉक्टर

२००५ साली नव्याने सुरू झालेली ‘डॉक्टर हू’ मी गेल्या काही महिन्यांत, २०२५ च्या पर्वाच्या अखेरच्या भागापर्यंत, क्रमाने पुन्हा पाहिली. मालिकेचे लेखन घसरले आहे का, या जुन्या वादात माझे मत ‘हो’ असेच पडते. फक्त घसरण कुठे झाली आहे ते नीट सांगायला हवे. कल्पनांचा दुष्काळ अजूनही नाही आणि संवादांत खुसखुशीतपणा आहेच, पण आपणच घातलेली गाठ आपल्याच हाताने सोडवण्याची चिकाटी लेखकांपाशी उरलेली दिसत नाही. (पुढे काही भागांचे शेवट उघड होतील, याची कल्पना असावी.)

बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी ही मालिका सुरू झाली. तिची पहिली कथा दिग्दर्शित करणारे वारिस हुसेन हे मूळचे लखनौचे. १९८९ मध्ये ती बंद पडली आणि रसेल टी. डेव्हिस यांनी २००५ मध्ये तिला पुन्हा उभे केले. निळ्या पोलीस-खोक्यातून काळात हिंडणारा परग्रहवासी डॉक्टर मरणाच्या दारात पोचला की नव्या चेहऱ्याने उठतो, या एका युक्तीवर ही मालिका इतकी दशके तगली आहे.

चांगले लेखन म्हणजे काय, हे दाखवायला २००७ चा ‘ब्लिंक’ पुरेसा आहे. सॅली स्पॅरो एका पडक्या घरात सुटलेला भिंतीचा कागद सोलते, तर आत तिच्याच नावाने इशारा लिहिलेला सापडतो. सतरा डीव्हीडींमध्ये डॉक्टरचे एकतर्फी बोलणे लपवलेले आहे. सॅली पडद्याकडे पाहून बोलते आणि १९६९ मध्ये अडकलेला डॉक्टर तिला बिनचूक उत्तरे देतो, कारण शेजारी बसलेला लॅरी तेच संभाषण कागदावर उतरवून घेतो आहे आणि पुढे तोच कागद सॅलीच्या हातून डॉक्टरला मिळणार आहे. स्टीव्हन मॉफट यांनी या भागात डॉक्टरला जेमतेम काही मिनिटे दिली आहेत, तरीही शेवटी एकही धागा लोंबकळत राहत नाही.

याच्या शेजारी २०२४ च्या पर्वाचा शेवट ठेवून पाहावा. रूबी नावाच्या मुलीला तान्हेपणी चर्चच्या दारात सोडून जाणारी आई कोण, हे कोडे लेखकाने आठ भाग तापवत ठेवले. तिच्याभोवती अवचित बर्फ पडते, बुरखाधारी आई वळून कुठेतरी बोट दाखवते, आणि साक्षात मृत्यूचा देव सुतेख हाही या रहस्याने पछाडलेला असतो. उलगडा असा, की आई एक सामान्य स्त्री होती आणि ती रस्त्याच्या नावाच्या पाटीकडे बोट दाखवत होती, जेणेकरून मुलीला ते नाव मिळावे. आई सामान्य निघणे ही कल्पना मला मनापासून आवडली. पण मग रिकाम्या रस्त्यावर, मध्यरात्री, ती पाटी दाखवत कोणाला होती? सगळ्या विश्वाचा नाश करून बसलेल्या सुतेखला तर दोरीने बांधून कालप्रवाहातून फरपटत नेले जाते आणि मेलेले सारे परत जिवंत होतात. काळाच्या प्रवासाची मालिका अशी वेळ मारून न्यायला लागली, की प्रेक्षकाने डोके लावायचे कशासाठी?

हा रोग आजचा नाही, हेही मान्य केले पाहिजे. २००७ मध्येच, सगळ्या जगाने एका क्षणी डॉक्टरचे नाव मनात आणल्यामुळे त्याला शक्ती परत मिळते, असा शेवट डेव्हिस यांनी केला होता आणि तेव्हाही मला तो पटला नव्हता. फरक असा, की तेव्हा एका पर्वात तेरा भाग असत आणि एखादा शेवट ढेपाळला तरी अधल्यामधल्या कथा पर्व तोलून धरत. आता आठच भाग येतात, त्यातले शेवटचे दोन जुन्या शत्रूंच्या नावांची उजळणी करण्यात जातात आणि मग हाताशी राहते काय?

मधल्या काळात, म्हणजे २०१८ ते २०२२ दरम्यान क्रिस चिबनॉल यांच्या हाती मालिका असताना, हा दोष सर्वांत ठळक झाला. २०२० मध्ये डॉक्टरचा जन्मेतिहासच बदलला गेला, पण तो घडताना दिसत नाही. डॉक्टर (या काळात ती स्त्रीरूपात आहे) अडकून उभी आहे आणि खलनायक तिला सगळे सांगतो आहे, असा तो प्रकार आहे. पुढच्या पर्वात तिच्या हरवलेल्या आठवणी साठवलेले एक खिशातले घड्याळ येते आणि ते न उघडताच टार्डिसच्या, म्हणजे त्या निळ्या खोक्याच्या, पोटात टाकून दिले जाते.

आश्चर्य म्हणजे याच काळात विनय पटेल यांनी लिहिलेला ‘डीमन्स ऑफ द पंजाब’ आला, आणि त्यातही एक घड्याळ आहे. १९४७ चा ऑगस्ट, रॅडक्लिफची रेषा शेतातून जाणार, आणि हिंदू प्रेम व मुस्लिम उमब्रीन यांचे लग्न. लग्नाच्या वेळी प्रेमच्या हातून घड्याळ पडून फुटते, आणि म्हातारी उमब्रीन तेच बंद घड्याळ नातीला देताना ‘हे कधी दुरुस्त करू नकोस’ असे का बजावते, ते आपल्याला शेवटी कळते. डॉक्टर इथे कोणालाही वाचवू शकत नाही आणि प्रेमला मारणाऱ्यांना घेऊन येणारा त्याचा सख्खा भाऊच असतो. फाळणीवरचे साहित्य वाचलेल्या माणसालाही हा भाग उथळ वाटणार नाही.

नव्या पर्वांतही ‘७३ यार्ड्स’सारखा भाग आहे. रूबीपासून ठरावीक अंतरावर सदैव उभी राहणारी बाई लोकांना काय सांगते, हे त्यात कधीच कळत नाही. पण ती बाई कोण, हे कळते आणि तेवढ्यावर भागते. म्हणजे अर्धवट सोडण्यालाही एक रीत असते.

२०२५ च्या शेवटी शूटी गाटवाचा डॉक्टर बिली पायपरच्या चेहऱ्यात बदलला आणि श्रेयनामावलीत तिचे नाव आले, भूमिकेचे नाव मात्र आले नाही. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये डिस्ने या निर्मितीतून बाहेर पडल्याचे जाहीर झाले. नव्याने पाहायला बसणाऱ्याने ‘ब्लिंक’पासून सुरुवात करावी, २०१५ चा ‘हेवन सेंट’ एकट्याने पाहावा, पंजाबचा भाग घरच्यांसोबत पाहावा, आणि पर्वांच्या अखेरच्या जोडभागांसाठी रात्र जागवू नये.