थोरली की धाकटी? गोइशेल बहिणींची तुलना

फ्रान्सच्या स्लॅलम स्कीइंगचा, म्हणजे बर्फाच्या उतारावर रोवलेल्या खांबांच्या ‘दारां’मधून नागमोडी उतरण्याच्या शर्यतीचा, विषय निघाला की मला आधी आठवतात त्या फ्रेंच आल्प्समधल्या वाल दिझेर गावच्या गोइशेल बहिणी. क्रिस्तीन थोरली, मारिएल सव्वा वर्षाने धाकटी.

१९६४, इन्सब्रुक ऑलिम्पिक. स्लॅलममध्ये दोन फेऱ्या होतात आणि दोन्ही वेळांची बेरीज धरतात. पहिल्या फेरीत मारिएल ४३.०९ सेकंदांत खाली आली, क्रिस्तीन ४३.८५ मध्ये. म्हणजे धाकटी पाऊण सेकंद पुढे, आणि दारांच्या या खेळात पाऊण सेकंद म्हणजे खूपच. पण दुसऱ्या फेरीत क्रिस्तीनने ४६.०१ सेकंदांत बाजी पालटली, मारिएलला ४७.६८ लागले. सुवर्ण थोरलीला, रौप्य धाकटीला. दोनच दिवसांनी जायंट स्लॅलममध्ये (यात दारं जास्त अंतरावर असतात) नेमकं उलट झालं: मारिएल पहिली, क्रिस्तीन अमेरिकेच्या जीन सॉबर्टसोबत दुसरी.

त्या आठवड्यापुरतं बघितलं तर दोघी तोडीस तोड. दबावाखाली काढलेली एकच फेरी निवडायची तर मी क्रिस्तीनची ती दुसरी फेरी निवडेन, डोळे झाकून.

पण संपूर्ण कारकीर्द मोजायची तर पारडं मारिएलकडे झुकतं. १९६२ मध्ये, सोळाव्या वर्षीच ती कम्बाइन्ड प्रकारात (वेगवेगळ्या शर्यतींचा एकत्रित निकाल) विश्वविजेती झाली होती. १९६८ च्या ग्रेनोब्ल ऑलिम्पिकमध्ये, घरच्या प्रेक्षकांसमोर, तिने कॅनडाच्या नॅन्सी ग्रीनला मागे टाकून स्लॅलमचं सुवर्णही मिळवलं. चार वर्षांपूर्वी बहिणीने जिंकलेलं तेच पदक. त्यानंतर ती निवृत्त झाली, अवघ्या बाविसाव्या वर्षी.