के-८४ कल्चर : गाठ यायच्या आधी वापरा, नंतर नाही

दोन सीझन वापरून मगच लिहितेय. गुलाबाचं खोड जिथं मातीत शिरतं तिथं फ्लॉवरसारख्या खरबरीत गाठी येतात ना, त्या येऊ नयेत म्हणून हे जिवाणूंचं कल्चर मिळतं. पहिल्या वर्षी मी ते गाठी आलेल्या झाडांनाच ओतलं आणि काडीचाही फरक पडला नाही, खूप वाईट वाटलं. हा उपाय गाठ आल्यावरचा नाहीच, हे पाकिटावर ठळक लिहायलाच हवं होतं, एक स्टार त्यासाठी कापतेय.

मग वाचत बसले तर थक्कच झाले. या गाठी आणणारा ॲग्रोबॅक्टेरियम हा मातीतला जिवाणू, झाडाला जखम झाली की तिथून पाझरणाऱ्या रसायनांवरून त्याला पत्ता लागतो, आणि मग तो आपल्या टीआय प्लाझ्मिडमधला (म्हणजे जिवाणूच्या मुख्य डीएनएखेरीज असलेल्या डीएनएच्या वेगळ्या कड्यातला) डीएनएचा एक तुकडा चक्क झाडाच्या पेशीत सोडतो, तो तुकडा झाडाच्याच डीएनएत जाऊन बसतो! त्यातली जीन्स ऑक्झिन आणि सायटोकायनिन ही वाढीची हॉर्मोन्स बेसुमार बनवतात म्हणून पेशी वाढतच सुटतात. वर ओपाइन नावाचं खाणंही बनवून घेतात, जे झाडाच्या काही कामाचं नाही, ते त्या जिवाणूसाठीच. १९७७ मध्ये शास्त्रज्ञ मेरी-डेल चिल्टन आणि सहकाऱ्यांनी हा तुकडा गाठीच्या पेशींत सापडतो हे दाखवलं. म्हणजे एकदा जीन्स आत बसली की जिवाणू सगळे मेले तरी गाठ वाढतेच, मग वरून काहीही ओता.

के-८४ हा त्याचाच निरुपद्रवी भाऊबंद, ऑस्ट्रेलियात शास्त्रज्ञ ॲलन केर यांनी शोधलेला. तो ॲग्रोसिन ८४ नावाचं विष सोडतो, आणि रोगट जिवाणू ज्या वाटेनं ओपाइनसारखं खाणं आत घेतो त्याच वाटेनं हे विषही आत जातं नि तो मरतो. मला तर हे वाचूनच प्रॉडक्ट आवडलं.

दुसऱ्या वर्षी नवीन रोपांची मुळं छाटल्या छाटल्या या कल्चरच्या पाण्यात बुडवून लावली, अजून एकालाही गाठ नाही. जिवंत कल्चर आहे, त्यामुळे क्लोरीनचं पाणी नको, उन्हात ठेवू नका, बुरशीनाशकात मिसळू नका, तारीख बघूनच घ्या. द्राक्षवाल्यांनी मात्र घेऊ नये, द्राक्षावर गाठी आणणाऱ्या जातींवर हे चालत नाही. के-१०२६ हा के-८४ चाच सुधारलेला प्रकार, मिळालं तर आधी तेच घ्या, त्यातलं प्लाझ्मिड दुसऱ्या जिवाणूकडे जाऊ नये म्हणून एक भाग काढून टाकलाय, नाहीतर रोगट जिवाणूलाच या विषापासून वाचायची जीन्स मिळू शकतात.