लहान मुलांचे इअरमफ : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमचा मुलगा चार वर्षांचा आहे. तिसऱ्या वर्षी त्याला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असल्याचे निदान झाले. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात पिठाच्या गिरणीच्या आवाजाकडे कुणाचे लक्षही जात नाही. तो मात्र गिरणी सुरू झाली की दोन्ही कान दाबून धान्याच्या कोठीमागे जाऊन बसायचा. हा हट्ट नसून संवेदनांमधला फरक आहे आणि २०१३ च्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत असा फरक स्वमग्नतेच्या निकषांमध्ये धरलेला आहे, हे ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामे आणि संवेदना हाताळायला मुलांना मदत करणाऱ्या तज्ज्ञाने) समजावले, तेव्हा त्याला रागावल्याचे मला फार वाईट वाटले.

इअरमफ, म्हणजे दोन्ही कान झाकून बाहेरचा आवाज कमी करणारे साधन, पोळ्याच्या आठवड्यात आले. पंधरा दिवस त्याने ते डोक्यावर टिकू दिले नाहीत. मग आम्ही ते तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीला घातले, नंतर माझ्या कानांवर आणि शेवटी क्षणभर त्याच्या.

खोक्यावर २७ डेसिबल घट लिहिली आहे. गिरणीच्या पट्ट्याची किरकिर खरोखरच दबते. ढोलाचा घुमारा मात्र पोहोचतो, कारण अशा साधनांनी खालच्या पट्टीचे आवाज कमी अडतात. त्यामुळे मिरवणुकीत ते घालूनही त्याला दूरच उभे करावे लागते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे गेला की इअरमफच्या कानांवर बसणाऱ्या गाद्यांखाली घाम साचून कान लाल होतात. सातव्या महिन्यात गाद्यांचे रेक्झिन तडकले आणि सुट्या गाद्या मिळत नाहीत, हा दोष मला गंभीर वाटतो.

ते दिवसभर घालू देऊ नयेत, असे थेरपिस्टने बजावले होते आणि ते मला पटले. शांत घरातही कान झाकलेले राहिले तर साधे आवाजही सोसेनासे होतात, आणि या वयात बोलणे कानावर पडलेच पाहिजे. आम्ही ते गिरणीपुरते आणि मळणीपुरतेच ठेवले. (हाच मुलगा वेचलेल्या कापसाच्या ढिगात अंग झोकून तासभर लोळतो, आवाज नकोसा असलेल्या मुलाला अंगावरचा दाब मात्र हवाहवासा वाटू शकतो.)

बहुतेक मुले वर्ष-सव्वा वर्षाची असताना बोट दाखवू लागतात. आमच्या मुलाने या जानेवारीपर्यंत कधीच दाखवले नव्हते. जानेवारीत तुरीची मळणी सुरू झाली, तेव्हा त्याने खुंटीवरच्या इअरमफकडे बोट केले, माझ्या डोळ्यांत पाहिले आणि पुन्हा खुंटीकडे पाहिले. तेव्हापासून आम्ही ते मुद्दाम त्याची नजर पोहोचेल पण हात पोहोचणार नाही अशा खुंटीवर टांगतो, आणि त्याने बोट दाखवताच लगेच काढून देतो.