पिकअप दाखवून गळ्यात मारलेली गाडी

कापसाचा चुकारा हाती आला की तालुक्याच्या गावी जुन्या गाड्यांच्या दलालांकडे गर्दी होते. बजेट दोन-तीन लाखांचं, नजर डिझेल स्विफ्ट, पोलो नाहीतर फिगोवर, आणि अट एकच: गाडी पळाली पाहिजे. ही अट दलालाला पहिल्या चहातच कळते. मग तो कागदांचा विषय काढत नाही. "काई करा लागत नाई भाऊ, तेल टाकाचं अन् चालवाची. बसा, एक चक्कर मारून पाहा." ती चक्कर त्याने आधीच आखलेली असते.

गिऱ्हाईक यायच्या अर्ध्या तासापूर्वी गाडी चालू करून गरम केलेली असते. रस्ताही त्याच्या पसंतीचा, बहुतेक नागपूर-तुळजापूर महामार्गाचा गुळगुळीत चौपदरी पट्टा. एसी बंद, गाणी चालू. तिसऱ्या गिअरमध्ये काटा दोन हजार आरपीएमच्या पुढे गेला की पाठ सीटला चिकटते आणि सौदा मनातल्या मनात पक्का होतो.

तो धक्का टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा असतो. इंजिनच्या तब्येतीशी त्याचा फारसा संबंध नाही. स्विफ्टचं १.३ लिटर मल्टिजेट ७५ पीएस (अश्वशक्ती) आणि १९० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याची ताकद, देतं, पोलोचं १.५ टीडीआय ९० पीएस आणि २३०, फिगोचं १.५ डिझेल १०० पीएस आणि २१५. हलक्या गाडीत एवढा टॉर्क एकदम येतो, त्यामुळे अडीच लाख किलोमीटर झालेलं इंजिनही थोडा वेळ जोरदार वाटतं. त्यातून कुणी लॅपटॉप लावून रिमॅप केलं असेल, म्हणजे डिझेल आणि टर्बोचा दाब वाढवला असेल, तर विचारूच नका. वाढलेला टॉर्क क्लच आणि टर्बो खातो, आणि त्याचं बिल नव्या मालकाच्या नावाने फाटतं. परीक्षा सोपी आहे. चौथ्या गिअरमध्ये ताशी चाळीसच्या वेगावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम झरझर चढला आणि वेग मागे राहिला, तर क्लच घसरतोय. आरशात काळ्या धुराचा लोट दिसला तर डिझेल जास्त जातंय, किंवा डिझेल फवारणारे इंजेक्टर गेलेत.

इंजिन आधी गरम करण्याचं कारण असं. झिजलेले इंजेक्टर, मेलेले ग्लो प्लग (गार डिझेल इंजिन चालू व्हायला तापवणारे), सैल टायमिंग चेन, कमी झालेलं कॉम्प्रेशन, हे सगळं गार इंजिनच बोलून दाखवतं. म्हणून ठरलेल्या वेळेच्या तासभर आधी, सकाळीच जा आणि बोनेटवर तळहात ठेवा. कोमट लागला तर चावीला हात लावू नका, दुसऱ्या दिवशी या. गार असेल तर चालू करताना एक माणूस सायलेन्सरपाशी उभा ठेवा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. थंडीत क्षणभर दिसणारी पांढरी वाफ चालते; इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबेना आणि गोडसर वास आला तर कूलंट आत जातंय, हेड गॅस्केट संशयाखाली. मग आयडलवर ऑइलचं झाकण सैल करून भोकावर तसंच ठेवा. झाकण उड्या मारत असेल, फसफस वाफ येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. जाड ऑइल भरून आवाज आणि धूर चार दिवस दाबता येतो, ही वाफ मात्र तेवढी दबत नाही.

इंजेक्टरची खरी तपासणी मिस्त्रीकडे होते. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या चार बाटल्यांत सोडून इंजिन चालवायचं; जी बाटली बाकीच्यांपेक्षा लवकर भरते तो इंजेक्टर झिजलेला. दलाल या तपासणीला "वेळ नाही भाऊ" म्हणतो, आणि उत्तर तिथेच मिळतं. पोलो-फिगोच्या या डिझेल इंजिनांत टायमिंग बेल्ट आहे. बदलल्याचं बिल नसेल तर तो खर्च किमतीतून कापा, कारण चालत्यात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेडच उतरवावं लागतं.

विदर्भात आणखी एक चलाखी चालते. गाडी तापत असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनचं तापमान राखणारा व्हॉल्व्ह, काढून टाकतात. मग थंडीत काटा वरच येत नाही आणि गिऱ्हाईक खूश. एप्रिल-मेच्या दुपारी एसी लावून निघालात की कळतं. वीस मिनिटं चालवूनही इंजिन ८० अंशांच्या वर जात नसेल तर विचारा का. गाडीच्या संगणकाला जोडायच्या ओबीडी स्कॅनरवर हे तापमान दिसतं. साधा स्कॅनर हजाराच्या आत मिळतो. जुने एरर कोड आदल्या रात्री पुसलेले असतात, म्हणून पंचवीस-तीस किलोमीटर फिरवून पुन्हा वाचा. चावी ऑन करताच चेक इंजिन आणि एअरबॅगचे दिवे लागलेच पाहिजेत, आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. लागतच नसतील तर कुणीतरी ते निकामी केलेत.

आणि गाडी पांदण रस्त्यावर घाला. महामार्गावर सस्पेन्शनचे लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश आणि स्टीअरिंग रॅक गप्प बसतात. काळ्या मातीच्या वाळलेल्या चाकोरीत, काच खाली करून ताशी पंधराने शंभर मीटर चालवा, सगळं खडखडून बाहेर येतं.

मीटर मागे घेणं हा तर रोजचा धंदा. मीटर ४८ हजार दाखवतं, पण क्लच पेडलचं रबर गुळगुळीत आणि स्टीअरिंगला तेलकट चकाकी, तर मीटरवर विश्वास ठेवू नका. टायरवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. २०१५ च्या गाडीला चारही टायर २०१९ चे असतील तर पहिला संच चार वर्षांत संपला, म्हणजे ४८ हजारांत काही बसत नाही. विमा पॉलिसीवरचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, पाहा. सलग विमा असलेल्या जुन्या गाडीला तो शून्य असेल तर अलीकडे क्लेम झाला असण्याची दाट शक्यता. मग एप्रनचे (बोनेटखालच्या बाजूच्या पत्र्याचे) गोल स्पॉट वेल्ड, बोनेटचे बोल्ट आणि दारांखालची सीलंटची रेघ दोन्ही बाजूंनी सारखी आहे का पाहा.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अंबाझरीचं पाणी वस्त्यांत शिरलं, गाड्या बुडाल्या. अशा पाण्यातून निघालेली गाडी बाहेरून चकचकीत करता येते. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा; टोकाशी गाळाची रेघ आणि कुबट वास सापडतो. सीटच्या रुळांवर गंज आणि फ्यूज बॉक्समध्ये हिरवट बुरशीसारखा थर दिसला तर गाडी सोडा. वायरिंगचा आजार पुढे वर्षभर निघत राहतो.

दिल्ली, हरियाणाच्या स्वस्त डिझेल गाड्या खूप येतात. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंधनं आली, म्हणून भाव पडले. गाडी वाईटच असते असं नाही. पण जुन्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात नसेल तर "पासिंग करून देतो" या शब्दाला किंमत नाही. इथला रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो, तो दलाल सांगत नाही.

सगळ्यात जास्त पैसा बुडतो तो कोऱ्या सह्यांच्या टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी नावावर करण्याच्या फॉर्मवर. आरसीवरचा मालक एक, विकणारा तिसराच, मधल्या दोघांनी गाडी नावावर केलेलीच नाही. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर "लोन क्लिअर आहे" ऐकून घेऊ नका. बँकेचं नाहरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ बघा. नाहीतर थकीत हप्त्यांपायी गाडी भर बाजारातून ओढून नेतात. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की बोजा, विमा, फिटनेस दिसतो. ई-चलनं वेगळी तपासा. चेसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवा, फोटोवरून नाही.

इसार द्यायचाच तर थोडा द्या, तोही आरसीवरच्या मालकाच्या बँक खात्यात, आणि पावतीवर चेसिस नंबर, मीटरचं वाचन, बोजा नसल्याचं लिहून घ्या. फॉर्म २९ आणि ३० वर (हेच टीटी फॉर्म) सह्या मालकाने तुमच्यासमोर करायच्या. शेवटचे पन्नास हजार ट्रान्सफरची पावती हाती पडेपर्यंत रोखून धरा. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करा, नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो. ऑनलाइन जाहिरातीतला "बदली झालेला जवान" गाडी न दाखवता टोकन मागत असेल आणि पैसे गेलेच असतील, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच तासाला फोन करा. रक्कम खात्यात असेपर्यंतच ती गोठवता येते.