व्याख्यान, पत्र की समोरासमोर भेट? डिमेन्शियातल्या अँटिसायकोटिक गोळ्यांबद्दल फॅमिली डॉक्टरांना शिकवताना

डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) रुग्णाला अँटिसायकोटिक, म्हणजे मुळात भास-भ्रमांवरची औषधं, देण्यात धोका आहे, ही जुनी गोष्ट. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, 2005 मध्येच औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीत छापायचा गंभीर इशारा दिला होता. 17 चाचण्यांचा हिशेब असा निघाला की साधारण 10 आठवड्यांच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे 4.5 टक्के रुग्ण दगावले, तर औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी 2.6 टक्के. 2008 मध्ये हॅलोपेरिडॉलसारखी जुनी औषधंही या इशाऱ्याखाली आली. तरी चिठ्ठीवर क्वेटियापिन हे याच गटातलं औषध येतच राहतं. त्यामुळे प्रशिक्षण आखताना ‘डॉक्टरांना हे माहीत नाही’ असं गृहीत धरलंत, तर पहिलंच पाऊल चुकेल.

सगळ्यात सोपं म्हणजे व्याख्यान. सभागृह, स्लाइड्स, चहा, प्रमाणपत्र. खर्च कमी आणि हजेरी भरपूर, म्हणून आयोजकांना ते फार आवडतं. पण दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मुलीचा फोन येतो, “डॉक्टर, आई रात्रभर ओरडते, कुणाला झोपू देत नाही. काहीतरी द्या हो.” त्या क्षणी स्लाइड उपयोगी पडत नाही. नुसत्या व्याख्यानावर पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पत्राचा मार्ग वेगळा. ‘तुम्ही ही औषधं तुमच्या बरोबरीच्या डॉक्टरांपेक्षा किती जास्त लिहिता’ एवढंच आकड्यांत कळवायचं. अमेरिकेत मेडिकेअर या मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी विमा योजनेखाली सर्वाधिक क्वेटियापिन लिहिणाऱ्या सुमारे 5,000 प्राथमिक डॉक्टरांवर हा प्रयोग झाला. पत्रं मिळालेल्या गटात नऊ महिन्यांत या औषधाचा वापर सुमारे 11 टक्क्यांनी कमी भरला. कागदाच्या मानाने हे बरंच झालं! मात्र त्यासाठी चिठ्ठ्यांची नोंद एका जागी हवी. शिवाय काय थांबवायचं हे पत्र सांगतं, त्याऐवजी काय करायचं ते सांगत नाही.

तिसरा मार्ग समोरासमोर भेटीचा. औषध कंपनीचे एमआर जे करतात तेच, फक्त विकायला काही नसतं. प्रशिक्षित फार्मासिस्ट किंवा डॉक्टर दवाखान्यात येऊन वीस मिनिटं बसतो आणि खऱ्या केसवर बोलतो. अशा भेटींच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा पाहिला, तर चिठ्ठी लिहिण्याच्या सवयीत साधारण पाच टक्क्यांची सुधारणा दिसते. आकडा लहान आहे, पण सातत्याने दिसणारा. माणसं जास्त लागतात, म्हणून महाग. तरीही माझा कल इकडेच, कारण त्या रात्रीच्या फोनला काय उत्तर द्यायचं हे इथेच शिकवता येतं. आधी दुखणं, बद्धकोष्ठता, लघवीतला जंतुसंसर्ग, नुकतंच बदललेलं एखादं औषध हे तपासा. ओरडणं कधी सुरू होतं, कशाने वाढतं, हे घरच्यांना चार दिवस लिहून ठेवायला सांगा. भास आणि पार्किन्सनसारखा ताठरपणा एकत्र दिसला तर लेवी बॉडी डिमेन्शिया या डिमेन्शियाच्या वेगळ्या प्रकाराची शंका घ्या. त्यात ही औषधं जिवावर बेतू शकतात.

मार्ग कुठलाही निवडा, अभ्यासक्रमात ‘बंद कशी करायची’ हा भाग हवाच. सगळ्यात जास्त चूक ‘हेच चालू ठेवा’ या शेऱ्यात होते. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस या संस्थेनुसार, स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याचा धोका असेल किंवा भास, भ्रम, अस्वस्थता यांचा तीव्र त्रास असेल तरच ही गोळी, आणि निदान दर सहा आठवड्यांनी फेरतपासणी. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची 2016 ची सूचना अशी की चार आठवडे पुरेसा डोस देऊन फरक पडला नाही, तर हळूहळू कमी करून बंद करा. फरक पडला तरी सुरू केल्यापासून चार महिन्यांच्या आत कमी करून पाहा. पहिल्याच चिठ्ठीवर फेरतपासणीची तारीख लिहायला शिकवलं तरी पुष्कळ साधेल.

आणखी एक. नुसती गोळी काढून घेतली आणि सांभाळणाऱ्यांना काहीच दिलं नाही, तर त्रास उलट वाढू शकतो. ब्रिटनमधल्या 12 केअर होमवर (वृद्धांना सांभाळणाऱ्या निवासी संस्थांवर) झालेल्या चाचणीत काही ठिकाणी कर्मचाऱ्यांना माणूस ओळखून सांभाळ करायला शिकवलं, तेव्हा वर्षभरानंतर तिथल्या 23 टक्के रहिवाशांना ही औषधं चालू होती. तुलनेच्या गटात 42 टक्क्यांना. गोळी थांबल्यामुळे वागणं बिघडल्याचंही दिसलं नाही. म्हणून पैसे उरले तर ते घरच्यांच्या आणि परिचारिकांच्या प्रशिक्षणाला द्या.

तेव्हा निवड अशी करा: चिठ्ठ्यांचा डेटा हाताशी असेल तर आधी पत्र, आणि पत्रानंतरही आकडा न हललेल्या डॉक्टरांकडे भेट. डेटा नसेल तर थेट भेटी, थोड्या डॉक्टरांपासून. गोळी मुळात रुग्णालयातल्या तज्ज्ञाने सुरू केली असेल तर फॅमिली डॉक्टर ती बंद करायला कचरतो. अशा ठिकाणी डिस्चार्जच्या कागदावर ‘कधी कमी करायची’ हे लिहायला त्या तज्ज्ञाला आधी तयार करावं लागेल.