वृद्धाश्रमातील सहवीज संच : दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

‘सहवीज’ हा शब्द सांगलीच्या ऊसपट्ट्यात कोणाला नवा नाही. साखर कारखान्यात बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर, बॉयलर पेटतो, त्या वाफेवर टर्बाइन फिरते आणि टर्बाइनमधून बाहेर पडणारी वाफ रस आटवण्याच्या कामी येते. एकाच इंधनातून वीज आणि उष्णता दोन्ही मिळवण्याचे हेच तत्त्व बायोगॅसवर चालणाऱ्या लहान इंजिनाच्या रूपाने आमच्या ६० खाटांच्या वृद्धाश्रमात गेल्या ऑक्टोबरात आले. शेजारच्या गोठ्यातील ६० म्हशींचे शेण आणि आमचे खरकटे यांतून रोज सुमारे ३५ घनमीटर गॅस मिळतो. १० किलोवॅटचा संच पहाटे तीन आणि संध्याकाळी दोन तास चालवला की ४५ ते ५० युनिट वीज होते.

वीजबिलातील बचतीचे आकडे दाखवून हा संच विकला जातो, पण आमच्या मते त्याची खरी किंमत गरम पाण्यात आहे. गॅसमधील ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा विजेत उतरतो. उरलेल्यातील बरीच उष्णता इंजिन थंड करणाऱ्या पाण्यातून आणि धुरातून वाया जाते. ती अडवल्यामुळे आमची दीड हजार लिटरची टाकी ६० अंशांवर राहते. पूर्वी पावसाळ्यात सौर बंब आठवडाभर कोमट पाणीच देत असे. यंदाच्या जुलैत एकाही आजी-आजोबांची आंघोळ चुकली नाही.

टाकी ६० अंशांवर ठेवणे आवश्यकच आहे, कारण कोमट साठ्यात न्यूमोनियासारखा आजार करणारे लिजिओनेला जिवाणू वाढतात. पण तेच पाणी नळाला आले तर वृद्धांची पातळ त्वचा भाजते, म्हणून प्रत्येक न्हाणीघरात थंड पाणी मिसळून ते ४० अंशांच्या आसपास आणणारा व्हॉल्व हवा. दोन ठिकाणी तो बसवायचा राहून गेला होता. सुदैवाने एका आजींनी आधी बोट बुडवून पाहिले आणि म्हणाल्या, “बाळा, हे आंघोळीचं पाणी की चहाचं आधण?”

गैरसोयीही आहेत. शेण कुजवणाऱ्या जिवाणूंना ३५ अंशांच्या आसपासची ऊब लागते; त्यामुळे गरम पाण्याची मागणी सर्वाधिक असते त्या डिसेंबर-जानेवारीतच गॅस घटला, आणि इंजिनाची थोडी उष्णता पाचक टाकीकडे वळवावी लागली. दुसरी अडचण गॅसमधील हायड्रोजन सल्फाइड या इंजिन गंजवणाऱ्या वायूची. तो अडवणारी लोखंडी किसाची गाळणी वर्षाला बदलली तरी चालेल असे पुरवठादाराने सांगितले होते. प्रत्यक्षात चौथ्याच महिन्यात इंजिन ऑइल अकाली काळे पडले. आता गाळणी तीन महिन्यांनी आणि ऑइल तासांची नोंद ठेवून बदलतो. हा खर्च मूळ हिशेबात कोठेही नव्हता.

संच घेताना वीजबिल बाजूला ठेवून आधी रोजचे गरम पाणी मोजावे. उष्णता खपत नसेल, तर उरते ते एक महागडे जनरेटर.

इंजिनाचा चौथरा २०१९च्या महापुराच्या खुणेपेक्षा दोन फूट उंच बांधला आहे. शेण कालवण्याची टाकी मात्र खालीच राहिली, आणि कोयनेचा विसर्ग वाढल्याची बातमी आली की आमचे लक्ष तिच्याकडेच लागते.